कुंपणच शेत खाते तेव्हा

(एका महिला मंडळाच्या आरोग्य व्याख्यानमालेत ज्येष्ठ महिला पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. मी वैद्यकशास्त्राची अभ्यासक नव्हे. मराठी साहित्य घेऊन बी. ए. झाले आणि पुढचे सारे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार दोनच गोष्टींचा. एक म्हणजे गेली बावीस वर्षे मी या व्याधीची रुग्ण आहे, आणि दुसरी म्हणजे विचारल्याशिवाय आणि पडताळल्याशिवाय काही न स्वीकारण्याची व्यवसायाने लावलेली सवय. तेव्हा कोणाला किती मात्रेची गोळी लागेल, हे मी सांगणार नाही. ते आपल्या डॉक्टरांचे काम.

‘मला थायरॉइड आहे,’ हे वाक्य आजकाल प्रत्येक हळदीकुंकवाला ऐकू येते. वस्तुतः थायरॉइड प्रत्येकालाच असते! ते एका ग्रंथीचे नाव आहे. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ही ग्रंथी. वजन जेमतेम वीस ग्रॅमच्या आसपास. आहारातले आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि रक्तात सोडते. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीने कोणत्या गतीने काम करावे, हे त्या संप्रेरकावर ठरते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातील ऊब, त्वचेचा ओलावा, मासिक पाळी, एवढेच काय, मनाची उभारीसुद्धा.

या ग्रंथीवर देखरेख करणारा एक मुकादम मेंदूच्या तळाशी बसलेला असतो. ती पीयूषिका ग्रंथी. रक्तातले थायरॉक्सिन कमी पडते आहे असे दिसले, की हा मुकादम ओरडू लागतो. त्याचे ओरडणे म्हणजेच आपण प्रयोगशाळेत तपासतो ते टीएसएच. कामगार सुस्तावला, की मुकादमाचा आवाज चढतो. म्हणून टीएसएच वाढलेला आढळला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ग्रंथीचे काम मंदावले असा होतो. ‘माझा थायरॉइड वाढला आहे’ असे सांगणाऱ्या दहा जणींपैकी बहुतेकींचे थायरॉक्सिन प्रत्यक्षात घटलेले असते. हा उलटा हिशेब एकदा लक्षात आला, की अहवालाच्या कागदाची भीती निम्मी होते.

आता मूळ प्रश्न असा की, ग्रंथी मंदावते का? आपल्या देशात दीर्घकाळ याचे एक मुख्य उत्तर होते, आयोडीनची उणीव. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात गळ्याला मोठमोठ्या गाठी असलेली माणसे गावोगाव दिसत. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन मिसळून जो अभ्यास केला, त्याने या दुखण्यावरचा उपाय सिद्ध केला, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. एका चिमूटभर पदार्थाने पिढ्यान्‌पिढ्यांचे दुखणे हटवता येते, हे त्या कार्याने दाखवून दिले. भारतीय वैज्ञानिकाचे हे श्रेय आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांतून ठळकपणे यायला हवे, असे मला नेहमी वाटते.

पण मीठ पोचलेल्या घरांतही आज ज्या भगिनींची ग्रंथी मंदावते, त्यांच्यातील बऱ्याच जणींचे कारण वेगळे आहे, आणि तेच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खाते. शरीराची प्रतिकारशक्ती हे आपले कुंपण. बाहेरून येणाऱ्या जंतूंना ओळखावे, अडवावे, मारावे हे तिचे काम. ते करता करता ती कधीकधी स्वतःच्याच अवयवाला परका समजते आणि त्याच्यावर चाल करून जाते. पांढऱ्या पेशी ग्रंथीत शिरून तळ ठोकतात, रक्तात ग्रंथीविरोधी प्रतिपिंडे दिसू लागतात, आणि ग्रंथीचा एकेक भाग हळूहळू निकामी होत जातो. अशा दुखण्यांना स्वयंप्रतिकार व्याधी म्हणतात. अवटू ग्रंथीच्या बाबतीत तिचे नाव हाशिमोटो.

हे नाव एका जपानी शल्यचिकित्सकाचे आहे. डॉ. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली एका जर्मन नियतकालिकात चार स्त्रियांच्या ग्रंथींचे सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या ग्रंथी पांढऱ्या पेशींनी अक्षरशः भरून गेल्या होत्या. त्या वेळी हाशिमोटो अवघ्या तिशीत होते. पुढे ते आपल्या गावी परतले, तिथेच वैद्यकी करत राहिले आणि १९३४ साली विषमज्वराने त्यांचे निधन झाले. आपण जे पाहिले ते नेमके काय होते, याचे उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही.

ते न मिळण्याचे एक कारण मोठे बोधप्रद आहे. पॉल एर्लिख हे नोबेल पारितोषिक मिळवलेले थोर जर्मन शास्त्रज्ञ. शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलणार नाही, अशी कल्पना त्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडली होती. त्यांच्या अधिकारामुळे ती जवळजवळ सिद्धांत होऊन बसली. १९५६ साली अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच ग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा त्या सशांच्या स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला झालेला दिसला. विटेब्स्की हे एर्लिख यांच्याच विचारपरंपरेत वाढलेले. जे डोळ्यांना दिसत होते, ते मान्य करणे त्यांना सोपे गेले नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. कुंपण शेत खाऊ शकते, हे विज्ञानाने मान्य केले ते तेव्हापासून. आणखी एक गंमत अशी की, काही रुग्णांत वेगळ्या जातीची प्रतिपिंडे ग्रंथीला मारण्याऐवजी चाबूक मारून पळवतात. मग ती गरजेपेक्षा जास्त संप्रेरक बनवते, छाती धडधडते, वजन उतरते, हात थरथरतात. ती ग्रेव्हज्‌ची व्याधी. तिचे उपचार निराळे असल्याने आज तिच्यात शिरत नाही.

हाशिमोटो पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतो. घराण्यातही चालतो. ज्या घरात एकीला हे दुखणे, तिथे दुसऱ्या कोणाला कोड, कोणाला बालपणापासूनचा मधुमेह, कोणाला गव्हाच्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा सीलिॲक विकार असे आढळू शकते, कारण ही सारी एकाच कुळातली दुखणी आहेत. आपल्याकडे किती रुग्ण आहेत, याचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मुंबई, गोवा, अहमदाबाद, दिल्ली, कोलकाता, बंगळूर, चेन्नई आणि हैदराबाद येथील पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी त्यात झाली. सुमारे ११ टक्के लोकांमध्ये ग्रंथी मंदावलेली आढळली. ग्रंथीविरोधी प्रतिपिंडे तर जवळपास २२ टक्क्यांमध्ये होती. अर्थात प्रतिपिंडे असलेला प्रत्येक जण रुग्ण होतोच असे नाही. त्यांतील बरेच जण आयुष्यभर ठणठणीत राहतात. पण या सभागृहात शंभर माणसे असतील, तर हा विषय किती जणांच्या घरचा आहे, याचा अंदाज आपण करू शकता.

लक्षणांविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण घोटाळा इथेच होतो. हे दुखणे चोरपावलांनी येते. ताप नाही, वेदना नाही. थकवा येतो, केस गळतात, त्वचा कोरडी पडते, शौचाला साफ होत नाही, पाळीला अंगावरून जास्त जाते, थंडी सोसत नाही, आवाज घोगरा होतो, बोलता बोलता शब्द आठवत नाही, उगीचच रडू येते. यांतली प्रत्येक गोष्ट स्त्रीच्या आयुष्यात दुसऱ्या कशाच्या तरी खात्यावर टाकता येते. बाळंतपण झाले, मुलांच्या परीक्षा आहेत, सासूबाईंचे आजारपण आहे, पाळी जायचे वय आले. माझ्या बाबतीत वैशाखात शाल घेऊन कचेरीत बसण्यापर्यंत वेळ आली, तेव्हा एका डॉक्टरांनी ‘दगदग कमी करा’ असा सल्ला दिला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा टीएसएच साठच्या पुढे होता. साधारणपणे तो चार-साडेचारच्या आत असावा लागतो. बाईचे दुखणे म्हणजे थोडी कुरकुर, ही समजूत आपल्या घरांतून गेलेली नाही, आणि या व्याधीला तिच्यासारखा दुसरा आडोसा नाही.

एका अवस्थेचा विशेष उल्लेख करते. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात काही स्त्रियांच्या ग्रंथीवर असाच हल्ला होतो. आधी काही आठवडे धडधड आणि चिडचिड, मग कित्येक महिने सुस्ती आणि उदासी. घरातले म्हणतात, ‘हिला बाळाचेही कौतुक नाही.’ अशा वेळी शंभर उपदेशांपेक्षा एक रक्ततपासणी अधिक उपयोगी पडते. बऱ्याच जणींची ग्रंथी पुढे पूर्ववत होते, काहींची होत नाही, म्हणून नंतरही लक्ष ठेवावे लागते.

तपासणीचे म्हणाल, तर आधी टीएसएच. तो बिघडलेला असला, तर जोडीला मोकळे थायरॉक्सिन, म्हणजे फ्री टी-४. कारण समजण्यासाठी अँटी-टीपीओ हे प्रतिपिंड एकदा पाहतात. ते दर सहा महिन्यांनी पुन्हा पुन्हा मोजून ‘कमी झाले का’ हे पाहण्यात पैशाचा अपव्यय आहे, कारण त्या आकड्यावर गोळीची मात्रा ठरत नाही. सोनोग्राफीही सरसकट लागत नाही. गाठ हाताला लागली किंवा ग्रंथी झपाट्याने वाढू लागली, तर मात्र विलंब करू नये. आणखी एक सूचना. केसांसाठी आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी तपासणीच्या किमान दोन दिवस आधी त्या थांबवाव्यात. त्यांनी काही यंत्रांवर आकडे चुकीचे येतात.

उपचाराकडे येते. कुंपणाला शेत खाण्यापासून परावृत्त करणारे औषध आजही आपल्या हाती नाही. पण शेतात जे पिकत होते, ते बाहेरून आणून देता येते, आणि हे फार जुने यश आहे. इंग्लंडात न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी १८९१ साली एका ४६ वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. सुजलेली, गोठल्यासारखी झालेली ती स्त्री पुन्हा हिंडू-फिरू लागली. पुढे तोच अर्क ती तोंडाने घेत राहिली आणि ७४ वर्षांची होऊन १९१९ साली वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे काढले, पुढे चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनवता येऊ लागले. आपण सकाळी घेतो ती लिव्होथायरॉक्सिनची पांढरी बारीक गोळी याच परंपरेतली. तिचा दिवसाचा खर्च हॉटेलातल्या अर्ध्या कप चहाहूनही कमी.

‘आयुष्यभर गोळी’ हे ऐकले की आपल्या पोटात गोळा येतो. म्हणून मी एकदा हिशेब करून पाहिला. शंभर मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेतली, तर एक ग्रॅम थायरॉक्सिन पोटात जायला सत्तावीस वर्षांहून अधिक काळ लागतो. एक ग्रॅम! शिवाय ते शरीराला परके रसायन नव्हे, आपली ग्रंथी जे बनवत होती तेच ते. ‘गोळीची सवय लागते’ असे म्हणणाऱ्यांना मी विचारते, पाण्याची सवय कोणाला लागली नाही?

पण ही एवढीशी गोळी मोठी मानी आहे. तिला रिकामे पोट लागते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही घेऊ नये. आपल्या घरांत नेमका इथेच चहा आडवा येतो. तोंड धुतले की चहा, आणि चहाच्या घोटाबरोबर गोळी, असे वर्षानुवर्षे चालते. मग टीएसएच खाली येत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागते, आणि बिल फाडले जाते औषध कंपनीच्या नावावर. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर तिच्या वैरिणी. त्या पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात. त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे. गरोदर स्त्रियांना या दोन्ही गोळ्या दिल्या जातात, म्हणून त्यांनी हे काटेकोरपणे पाळायचे. एकादशी, नवरात्र, चातुर्मास यांत उपवास जरूर करावा. गोळी पाण्याबरोबर घेतली म्हणून उपवास मोडत नाही, आणि निर्जळी करायचीच असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे. पहाटे जमत नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर तीनेक तासांनी घेतली तरी चालते. मात्र जी वेळ ठरवाल ती टिकवावी. बाटली ओट्यावर, गॅसच्या शेजारी ठेवू नये. उष्णतेने आणि दमटपणाने औषधाचे सत्त्व जाते.

एखाद्या दिवशी विसरलात तर घाबरू नका. थायरॉक्सिन शरीरात सावकाश ओसरते. त्याची पातळी निम्मी व्हायला सुमारे आठवडा लागतो. याच कारणाने मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे झाल्याशिवाय पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो. आणि याच कारणाने गोळी सोडणाऱ्याला फसवणूकही लवकर कळत नाही. पहिले पंधरा दिवस काही जाणवत नाही, आणि ‘बघा, गोळीवाचून चालते की’ असा निष्कर्ष निघतो.

आता ज्यासाठी आज इथे उभी आहे, ते बोलते.

ओळखीच्या एका कुटुंबातली मुलगी. शिकलेली, नोकरी करणारी. विशीत हाशिमोटोचे निदान झाले, गोळी सुरू झाली, प्रकृती उत्तम. स्थळे पाहणे सुरू झाले तेव्हा आई म्हणाली, ‘गोळीचे कोणाला सांगायला नको. उगाच बोट ठेवतील.’ लग्न झाले. सासरी एकत्र कुटुंब, स्वयंपाकघरात सकाळी साडेपाचपासून वर्दळ. गोळ्या जीवनसत्त्वाच्या रिकाम्या बाटलीत गेल्या. पुढे त्या लपवून घेणे जड होऊ लागले. कधी घेतल्या, कधी राहिल्या. शेवटी थांबल्याच. पाच महिन्यांनी दिवस राहिले. दहाव्या आठवड्यात ते गेले. रुग्णालयात तपासले तेव्हा टीएसएच भलताच वाढलेला होता, आणि ‘आधी काही त्रास होता का’ या डॉक्टरांच्या प्रश्नावर, नवरा शेजारी उभा असल्याने, तिने नाही अशी मान हलवली.

तो गर्भ थायरॉक्सिनच्या अभावीच गेला, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पहिल्या महिन्यांत गर्भ जाण्याची कारणे अनेक असतात. पण काही गोष्टी निश्चित आहेत. गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी साधारण तीन महिन्यांनंतर हळूहळू कामाला लागते. तोपर्यंत त्याच्या वाढीसाठी, विशेषतः मेंदूच्या घडणीसाठी, लागणारे थायरॉक्सिन त्याला केवळ आईकडून मिळते. म्हणून गरोदरपणात आईची गरज चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाढते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. उपचार न घेतलेल्या आईला गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, रक्तदाब यांचा धोका अधिक असतो. याउलट गोळी नियमित असली, दिवस राहिल्याचे कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून मात्रा वाढवून घेतली आणि पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी झाली, तर या स्त्रियांची बाळंतपणे इतरांसारखीच पार पडतात. प्रसूतीनंतर मात्रा पूर्ववत करतात. अंगावर पाजण्यालाही गोळीचा अडसर नाही. इतका सरळ मार्ग असताना या मुली अंधारात चालतात, ते केवळ कोणी बोट ठेवू नये म्हणून.

चष्मा असलेल्या मुलीला आपण नाकारत नाही. मग सकाळच्या एका गोळीचे आपल्याला काय वाटावे? इथे बसलेल्या ज्या भगिनी उद्या सासू होणार आहेत, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. स्थळाकडून हे कळले, तर त्या घराने प्रामाणिकपणा दाखवला याची नोंद घ्या. सून घरात आल्यावर तिची बाटली तिने उघड्यावर ठेवावी, असे वातावरण आपल्या हाती आहे. आणि मुलींच्या आयांनो, लपवून जमवलेल्या सोयरिकीत मुलीला रोज पहाटे चोरासारखे वागावे लागते. आपण तिला हे आंदण देतो का, याचा विचार व्हावा. त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. दुसऱ्या खेपेला तिच्या नणंदेने बाटली ओळखली, कारण तीच गोळी ती स्वतः माहेरी आल्यावर लपवत होती.

आहाराविषयी प्रश्न फार येतात, तेव्हा थोडक्यात सांगते. कोबी, फ्लॉवर, मुळा वर्ज्य आहे, ही भीती अनाठायी आहे. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या भाजीने काही बिघडत नाही. ग्लुटेन सोडण्याचे खूळ सध्या आहे. सीलिॲक असल्याचे तपासणीत सिद्ध झाले असेल तरच पोळी सोडावी. मीठ मात्र आयोडीनयुक्तच वापरावे. शुद्ध आणि पारंपरिक म्हणून रोजच्या जेवणात केवळ सैंधव वापरण्याचा प्रघात शिक्षित घरांत वाढतो आहे. त्यात सहसा पुरेसे आयोडीन नसते, आणि घरात गरोदर सून असेल तर तिची गरज इतरांहून अधिक असते. सैंधव उपवासापुरते ठेवावे. आयोडीन चांगले म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेणे हे दुसरे टोक. अतिरेकी आयोडीनने हाशिमोटो बळावू शकतो.

आपल्या सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण गलगंड म्हणजे गळ्यावरची वाढ. हाशिमोटोच्या अनेक रुग्णांचा गळा बाहेरून अगदी सपाट असतो, काहींची ग्रंथी तर आक्रसून जाते. म्हणून जुन्या ग्रंथातले नाव घेऊन ‘थायरॉइड मुळापासून बरा, गोळी बंद’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून सावध राहा. सच्चा वैद्य असे सांगत नाही. माझ्या परिचयातले जे वैद्य आहेत, ते पचन, झोप, शक्ती यांसाठी औषध देतात आणि थायरॉक्सिन चालू ठेवायला सांगतात. योगासने आणि प्राणायाम मी स्वतः करते. त्याने दिवस हलका जातो, मन स्थिर राहते. न बनणारे संप्रेरक त्याने बनत नाही. अशा जाहिरातींना जागा देणाऱ्या आमच्या व्यवसायालाही मी दोष देते. मथळ्याखाली छापलेले ‘प्रायोजित’ हे अक्षर मुंगीएवढे असते.

वजनाबद्दलही एक भ्रम आहे. ग्रंथी मंदावल्याने वाढणारे वजन बहुधा दोन-चार किलोंचे असते, आणि त्यात पाणी पुष्कळ असते. वीस किलोंचा भार या बिचारीवर टाकू नये. आणि वजन उतरावे म्हणून गोळी वाढवून घेणे तर घातक. जादा थायरॉक्सिनने हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात. वयस्कर माणसांत हा धोका अधिक. सत्तरीपुढे टीएसएच जरासा वर असणे हे वयाचे लक्षण असू शकते. २०१७ साली युरोपात झालेल्या एका मोठ्या चाचणीत पासष्टीपुढच्या, किंचितच टीएसएच वाढलेल्या सातशेहून अधिक लोकांना गोळी देऊन पाहिली. त्यांच्या थकव्यात फरक पडला नाही. तेव्हा आजीचा टीएसएच सहा आला म्हणून गोळीचा हट्ट धरू नये, डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबावे.

टीएसएच जागेवर येऊनही काही जणींचा थकवा जात नाही. त्यांना कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणू नये. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, झोप आणि मनाची उदासी, या दिशांनी शोध घ्यावा. आपल्या स्त्रियांत पांडुरोग इतका सर्रास आहे, की थायरॉइडच्या आड तो हमखास दडलेला सापडतो.

वेळ संपत आली. अध्यक्षांनी चिठ्ठ्या दिल्या आहेत, त्यांतली एक वाचते. ‘मला हाशिमोटो आहे. मुलगी चौदा वर्षांची आहे. तिलाही होईल का?’ नाव लिहिलेले नाही. ताई, शक्यता इतर मुलींपेक्षा जास्त आहे, पण होईलच असे नाही. तिची उंची खुंटली, अभ्यासात मन लागेनासे झाले, पाळी फार अनियमित झाली किंवा गळा भरल्यासारखा दिसला, तर टीएसएच तपासून घ्या. एरवी तिला दरमहा सुया टोचू नका. तुमची गोळी मात्र तिच्यासमोरच घेत जा. आता दुसरी चिठ्ठी. ही एका बंधूंची आहे, आणि त्यांनी नाव लिहिले आहे.